जीवाची नळी, बातमीची नळी

आमच्या भागात इंजिन आधी विहिरीवर आलं, मग रस्त्यावर. हा क्रम ध्यानात घेतला नाही, तर खेड्यापाड्यांतले मिस्त्री कुठून तयार झाले याचा उलगडा होत नाही. शहरात आधी मोटारी आल्या, त्यांच्यामागून गॅरेजं आली आणि गॅरेजात पोरं शिकली. आमच्याकडं मोटार यायच्या कितीतरी आधी मोटेच्या जागी इंजिन बसलं होतं. ते बंद पडलं तर ऊस वाळायचा. त्यामुळं ते चालू ठेवणारा माणूस गावातच तयार होणं भाग होतं.

कृष्णाकाठचा आमचा मुलूख म्हणजे तेव्हाचा दक्षिण सातारा जिल्हा. 1960 साली त्याचं नाव सांगली झालं. लोखंडाशी या मुलखाचं नातं तसं जुनं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानात कुंडलच्या माळावर कारखाना मांडला आणि लोखंडी नांगर शेतात आणला. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच डिझेल इंजिनं तयार होऊ लागली होती. 1946 साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स सुरू झाली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकामाचे आणि लेथचे छोटे कारखाने होते, तिथं इंजिनांचे सुटे भाग मिळायचे. त्यामुळं 'ऑईल इंजान' हा शब्द आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी इतका बसला होता, की तो इंग्रजी आहे याची कुणाला शंकाही येत नसे.

इंजिन आलं, पण डोक्यातली समज बैलगाडीचीच राहिली. गाडीच्या आखाला वंगण घालायचं, ते चाकातून बाहेर यायचं, मातीत मिसळून काळं व्हायचं, पुन्हा घालायचं. वंगण म्हणजे घालायची आणि संपायची वस्तू. तीच रीत लोकांनी इंजिनाला लावली. बुडाशी काळा डाग दिसला तर म्हणायचे, "गळणारच की. चालत्या वस्तूला वंगण लागतंय, ते सांडतंयच."

ही समज मोडून काढली आमच्या गावच्या मिस्त्रींनी. त्यांना सगळे नुसतं 'मिस्त्री'च म्हणत. खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक. तरुणपणी ते साखर कारखान्यात फिटरच्या हाताखाली होते. तिथून शिकून आले आणि वेशीजवळच्या चिंचेखाली एक पत्रा टाकून बसले. ते म्हणायचे, "गाडीच्या आखाचं वंगण म्हंजे अंगाला लावलेलं त्याल. इंजानातलं ऑईल म्हंजे रगात. त्याल अंगावरनं सांडलं तर सांडू द्या. रगात सांडाय लागलं तर गप बसशीला का?"

उपमा अगदी बरोबर होती. बुडाच्या चेंबरात तेल साठतं, तिथून पंप ते उचलतो आणि दाबानं बेअरिंगांकडं ढकलतो. काम करून ते पुन्हा चेंबरात ठिबकतं. तेच ते तेल दिवसभर फिरत राहतं. बहुतेक वाटा लोखंडाच्या आतून कोरलेल्या असतात, पण काही ठिकाणी ते बाहेरच्या नळीतून जातं. गळतीचं मूळ बहुधा तिथंच. आतलं लोखंड सहसा फुटत नाही. नळीचा नट सैल होतो, वायसर दबतो, नाहीतर नळी चिरते.

गळतीकडं गावानं खऱ्या अर्थानं बघितलं ते 1972 च्या दुष्काळात. विहिरींचं पाणी खाली खाली चाललं. पंप पाणी ओढतो ते सात-साडेसात मीटरपर्यंतच, त्यापेक्षा खोल गेलं की नुसता हवा खातो. मग लोकांनी विहिरीच्या पोटात कपारी खोदल्या, फळ्या टाकल्या आणि इंजिनं दोरखंडांनी खाली सोडली. धूर आत कोंडून माणूस गुदमरू नये म्हणून सायलेन्सरला लांब पाइप जोडून तो काठाबाहेर काढला. आता इंजिन पाण्याच्या डोक्यावर होतं. त्यातून पडणारा प्रत्येक थेंब खालच्या पाण्यात. एरवी त्या पाण्यावर ऊस भिजायचा, त्या वर्षी त्याच्यावर वाडीचे रांजण भरत होते. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसायला लागला आणि बायकांनी घागरी खाली ठेवल्या. "ह्ये पाणी लेकरास्नी पाजायचं व्हय?" हा सवाल त्यांनी थेट विहिरीच्या मालकाला विचारला.

त्या उन्हाळ्यात मिस्त्री रोज एका विहिरीत उतरायचे. आम्ही पोरं कंदील आणि आरसा धरायला. गळती शोधायची त्यांची रीत मी तिथं पाहिली. पुढं गावच्या जीपवर तीच चालली, आणि आजच्या कुठल्याही मोटारीवर ती तशीच चालेल.

पहिला नियम असा, की आधी पाना हातात घ्यायचा नाही. "हात लावू नगंस. आदी बघ. कुठनं गळतंय त्ये इंजानच सांगंल." तेल जिथं दिसतं तिथून ते निघालेलं नसतं. वर कुठंतरी झिरपतं, लोखंडाच्या कडेनं वाट काढतं आणि भलतीकडंच थेंब होऊन लोंबतं. मोटारीत तर पंख्याचा वारा त्याला आणखी मागं ढकलतो. म्हणून आधी रॉकेलनं आणि चिंध्यांनी इंजिन लख्ख धुवायचं आणि कोरडं करायचं. मग त्यावर खडूची पूड फडक्यातून झाडायची. खडूचे तुकडे आम्ही शाळेतून आणायचो, गुरुजींना हे माहीत होतं. एकदा एकानं चुलीतली राख आणली. मिस्त्रींनी ती लांब फेकायला लावली. राख रेवाळ असते, चुकून आत गेली तर बेअरिंग खाऊन टाकते.

पूड झाडली की इंजिन चालू करायचं आणि आरसा धरून बघत बसायचं. पाच-दहा मिनिटांत पांढऱ्यावर एक काळसर ओघळ उमटतो. त्या ओघळाचं खालचं टोक बघायचं नाही, सगळ्यांत वरचं टोक बघायचं. रोग तिथं.

दुसरा नियम दोन पान्यांचा. नळीचा नट आवळायचा तर समोरचा तुकडा दुसऱ्या पान्यानं धरून ठेवायचा. नाहीतर नटाबरोबर नळी पिळते, आज गळती थांबते आणि महिन्यानं नळी तिथंच चिरते. आणि आवळायचं ते बेतानं. गळतंय म्हटलं की आडदांड माणूस पान्यावर लोंबकळतो, आटे खातो आणि पाच पैशांच्या दुखण्याचं पन्नास रुपयांचं काम करून ठेवतो. मिस्त्री म्हणायचे, "गळती बळानं थांबत न्हाई. तोंडाला तोंड नीट बसलं की थांबती."

तोंडाला तोंड बसवायचं काम तांब्याच्या वायसरचं. पोकळ बोल्टमधून तेल जातं तिथं त्याच्या दोन्ही अंगांना तांब्याचा वायसर असतो. तांबं मऊ, म्हणून दोन कठीण भागांमधल्या बारीक फटी तेच भरून काढतं. पण एकदा दबलं की ते कठीण होतं आणि पुन्हा बसत नाही. नवा वायसर आणायला कोल्हापूर गाठावं लागायचं. मिस्त्री तो वायसर भात्यावर लाल करून पाण्यात टाकायचे आणि पुन्हा वापरायचे. लोहाराच्या पोरांना याचं नवल वाटे. विळ्याला पाणी पाजलं की तो कडक होतो, मग तांबं मऊ कसं? हे गुपित मिस्त्रींना बाजाराच्या गावातल्या एका तांबटानं सांगितलं होतं. हंडा ठोकता ठोकता तांबं कडक होतं, आणखी ठोकलं तर तडकतं. म्हणून तांबट मध्येच ते तापवून घेतो आणि मग पुढं ठोकतो. तांब्याला मऊ करतो तो विस्तव, पाणी फक्त गार करायला. हंड्याला लागू पडलेलं ज्ञान इंजिनाला लागू पडलं.

तिसरा नियम उसन्या उपायांचा. वेळ पडली तर काहीही बांधावं, पण ते बांधलेलं आहे हे विसरू नये. सायकलच्या ट्यूबचा तुकडा नळीवर करकचून बांधला तर गळती थांबते, पण रबर तेलात फुगतं, लिबलिबीत होतं आणि चार दिवसांत सुटतं. चामड्याचा वायसर गार जागी टिकतो, इंजिनाजवळच्या उष्णतेत करपतो. सुताला शेलॅक लावून आट्यावर गुंडाळलं तर तेवढ्यापुरतं भागतं. हे सगळं मिस्त्री करायचे, पण केलं की कोळशानं भिंतीवर खूण ओढायचे. ज्याचं काम कच्चं, त्याची खूण भिंतीवर. पक्कं झालं की पुसायची.

आणि चौथा. सगळीकडूनच तेल यायला लागलं, या नटातून, त्या झाकणातून, कांडीच्या भोकातून, तर कशालाच पाना लावायचा नाही. तेव्हा इंजिनाचा श्वास कोंडलेला असतो. पिस्टनच्या कडेनं थोडा वायू खाली चेंबरात उतरतोच. तो बाहेर सोडायला एक श्वासनळी असते. ती कचऱ्यानं बुजली की आत दाब साठतो आणि मिळेल त्या फटीतून तेल बाहेर ढकलतो. श्वासनळी धुतली की दहा गळत्या एकदम बंद.

आता जीपविषयी. महायुद्ध संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेल्या विलीज जीपा लिलावात निघाल्या. पुढं महिंद्रांनी मुंबईत त्याच जीपची जुळणी सुरू केली. आमच्या थोरल्या आबांनी घेतलेली जीप लष्करी लिलावातली, दोन-तीन हातांतून फिरून आलेली. सव्वादोन लिटरचं चार सिलिंडरांचं पेट्रोल इंजिन, छपराला ताडपत्री. गावात दुसरं वाहन नव्हतं. त्यामुळं ती आबांची असली तरी वागायची गावाची म्हणून. वरात तिच्यातून, मयत तिच्यातून, बाळंतीण तिच्यातून. मिरजेचं डॉ. वानलेसांचं मिशन हॉस्पिटल आमच्यापासून वीसेक मैलांवर, त्यातला निम्मा रस्ता कच्चा.

या जीपच्या इंजिनावर बाहेरून जाणाऱ्या तेलाच्या नळ्या मोजक्याच. दोन नळ्या फिल्टरच्या. एकीतून थोडं तेल फिल्टरकडं जायचं, दुसरीतून गाळून परत यायचं. तिसरी बारीक नळी इंजिनापासून निघून ड्रायव्हरच्या पुढ्यातल्या घड्याळापर्यंत गेलेली. तेलाचा दाब किती आहे तो काटा ही नळी हलवायची. मूळची नळी कधीच गेली होती, तिच्या जागी एका शहरगावच्या गॅरेजात तांब्याची बसवून घेतली होती.

मिस्त्रींनी आमच्या ड्रायव्हरला चिंचेखाली बसवून शिकवलेलं मला आठवतं. "ह्या तीन नळ्या. घड्याळाची नळी बातमीची. तिच्यातनं ऑईल कुठं जात न्हाई, निस्तं ढुसण्या देत उभं ऱ्हातं. ती बंद केली तर बातमी बंद हुईल, इंजान मरणार न्हाई. फिल्टरच्या दोन नळ्या धुण्याच्या. बंद केल्या तर ऑईल मळकं ऱ्हाईल, चार दीस चालंल. पर दुसऱ्या इंजानावर बेरिंगाला न्हाईतर वरच्या रॉकराला ऑईल न्हेणारी नळी भाईरनं असती, ती जीवाची. ती कवा बी बांदायची न्हाई. ती फुटली तर गाडी उबी कर आन् बैल बोलव."

आणि हिशेब शिकवला. सेकंदाला एक थेंब म्हणजे तासाला 3,600 थेंब. मिलिलिटरला वीस-पंचवीस थेंब धरले तर तासाला दीडशे ते एकशेऐंशी मिलिलिटर, म्हणजे सहा-एक तासांत लिटरभर. चेंबरात सगळं मिळून चारेक लिटर. एवढ्या गळतीनं मिरज गाठता येतं, परतही येता येतं, फक्त कांडी बघत राहायचं. पण उभ्या गाडीखालचा थेंब बघून हिशेब करायचा नाही. चालत्या इंजिनात दाब असतो. उभं असताना जो थेंब आहे, तो चालू झाल्यावर पिचकारी होतो.

मी नववीत होतो तेव्हाची गोष्ट. श्रावणातली रात्र, पावसाची बारीक रिपरिप. वाडीतली एक पहिलटकरीण दोन दिवस अडली होती. सुईणीनं हात टेकले. जीपच्या मागच्या बाजूला गोधड्या टाकून तिला झोपवलं, बरोबर तिची सासू आणि आई. पुढं ड्रायव्हर आणि कंदील धरायला मी. मिस्त्री गावात नव्हते.

अर्ध्या वाटेवर जळक्या तेलाचा वास आला. ड्रायव्हरनं टॉर्च काट्यावर मारला. काटा शून्यावर. त्यानं लगेच इंजिन बंद केलं, उतारावर गाडी नुसती घरंगळत नेऊन बाजूला उभी केली. मागून सासू ओरडायला लागली, "का थांबलास रं? पोर चाललीया माजी!" तो काहीच बोलला नाही. बॉनेट उघडलं. आतून धूर. सायलेन्सरच्या तापल्या तोंडावर तेल उडून करपत होतं. आणखी थोडा वेळ तसाच गेला असता, तर पेट घ्यायलाही वेळ लागला नसता.

त्यानं आधी कांडी काढून बघितली. तेल खालच्या खुणेच्याही थोडं खाली होतं, पण होतं. म्हणजे काटा शून्यावर असला तरी इंजिन कोरडं नव्हतं. मग चिंधीनं नळ्या पुसल्या, मला कंदील जवळ धरायला लावला आणि एकेक नळी बोटानं चाचपत गेला. तांब्याची बारीक नळी नटाच्या मागंच निम्मी तुटून लोंबत होती. "बातमीची हाय," तो म्हणाला. एवढे दोनच शब्द. पकडीनं नळी इंजिनाच्या अंगानं दुमडली, पुन्हा एकदा दुमडली, खाली पाना ठेवून दगडानं ठेचून चपटी केली. सीटखालच्या डब्यातलं तेल चेंबरात ओतलं. इंजिन चालू करून आधी नळीच्या तोंडाशी बोट धरलं. बोट कोरडं होतं.

उरलेली वाट काट्याविना. दर दोन-तीन मैलांवर तो थांबायचा, कांडी बघायचा, कान देऊन इंजिनाचा आवाज ऐकायचा, मग पुढं. सासू आता ओरडत नव्हती. आम्ही पोचलो. पहाटे बाई सुटली, मुलगी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, की आणखी तासभर उशीर झाला असता तर दोघींतली एकही हाती लागली नसती.

दुसऱ्या दिवशी गावभर ड्रायव्हरचं कौतुक. मिस्त्रींनी त्याला एकच विचारलं, "घड्या किती घातल्यास?" "दोन." "बरं." आणि ते बॉनेटखाली वाकले.

नळी का तुटली हे त्यांना बघायचं होतं. तांब्याची नळी जिथं इंजिनाच्या अंगाला लागून जाते तिथं तिला पकडणारी पट्टी हवी. गॅरेजवाल्यानं ती बसवलीच नव्हती. इंजिन थरथरतं, गाडीचा सांगाडा वेगळा थरथरतो, आणि या दोहोंच्या मध्ये ती नळी वर्षभर हिसके खात राहिली. तांबटाच्या हातोडीखाली हंड्याचं जे होतं, तेच इथं झालं. हिसक्यांनी तांबं कडक झालं आणि नटाच्या मागं, जिथं वाक सगळ्यांत जास्त, तिथं तडकलं. त्याआधी कितीतरी दिवस तिथं तेलाचा ओलावा दिसत असणार. धूळ बसून त्याची खपली झाली होती, मिस्त्रींनी ती नखानं खरवडून आम्हाला दाखवली. "ह्यो बगा. हिनं महिनाभर सांगितलंया. कुणी इचारलं न्हाई."

मग दुरुस्ती. नळीचा कडक झालेला तुकडा कापून टाकला. उरलेली नळी विस्तवावर फिरवून मऊ केली. तोंड निमुळत्या खिळ्यावर हळूहळू फुलवून नटात बसेल असं केलं. नळी ताणून न लावता मध्ये तिचे दोन वळसे घातले, स्प्रिंगसारखे. इंजिन हललं तर वळसे हलतील, तोंडावर ताण येणार नाही. शेवटी चामड्याची पट्टी गुंडाळून ती पत्र्याच्या चिमट्यानं पकडली. आतून आवळून, पुसून, खडू झाडून, चालू करून बघितलं. पांढरं ते पांढरंच राहिलं. ती नळी जीप विकली जाईपर्यंत पुन्हा गळली नाही.

पुढच्या पंधरा-वीस वर्षांत सगळं बदललं. विजेच्या तारा मळ्यांपर्यंत आल्या, विहिरींवर मोटरी बसल्या आणि इंजिनं गोठ्यात कडब्याखाली गेली. जीपा डिझेलवर आल्या, मग ट्रॅक्स आल्या, वडापचा धंदा सुरू झाला. गावात दर तासाला गाडी मिळायला लागली आणि बाळंतिणीसाठी कुणाच्या दारात जाऊन उभं राहायची वेळ राहिली नाही. घड्याळाकडं जाणारी नळीही गेली. तिच्या जागी वायर आणि एक लाल दिवा आला. हे चांगलंच झालं, कारण वायर फुटून गरम तेल कुणाच्या अंगावर उडत नाही.

पण दिव्याची बातमी उशिराची असते. दाब अगदी पडला तरच तो लागतो. थेंब थेंब तेल कमी होतंय, हे तो सांगत नाही. ते अजूनही कांडीच सांगते, नाहीतर गाडीखालची फरशी. आमच्या गावात आज ज्यांची गॅरेजं आहेत, त्यांतले निम्मे जण त्या चिंचेखाली कधी ना कधी आरसा धरून बसलेले आहेत. त्यांच्याकडं यंत्रं आहेत, सगळ्या मापांचे वायसर पाकिटात मिळतात, तांबं तापवायची गरज नाही. तरी गळती घेऊन कुणी आलं की ते आधी इंजिन धुतात. नवा पोऱ्या पाना घेऊन पुढं झाला तर त्याच्या हातावर टपली मारतात आणि म्हणतात, "आदी बघ."